ओलिंथोस: पाया वाचता आला तरच गाव दिसतं

उत्तर ग्रीसमध्ये खाल्किदिकीत, समुद्रापासून सुमारे अडीच किलोमीटर आत, ओलिंथोस या प्राचीन ग्रीक शहराचं उत्खननस्थळ आहे. खांब आणि मंदिरांच्या अपेक्षेनं गेलात तर निराशा होईल. इथे उरलेत ते बुटके दगडी पाये, कारण वरच्या भिंती कच्च्या विटांच्या होत्या आणि त्यांची केव्हाच माती झाली. पण ग्रीक माणूस घरात कसा राहायचा हे बघायला इतकी चांगली जागा क्वचितच मिळेल.

आधी दोन टेकड्यांचा हिशेब समजून घ्या. जुनी वस्ती दक्षिण टेकडीवर होती. मॅसिडोनियातून हुसकावलेले बोत्तियाई लोक तिथे राहत. इ.स.पू. 479 मध्ये पर्शियन सेनापती आर्ताबाझोसनं त्यांची कत्तल केली आणि शहर खाल्किदियनांच्या, म्हणजे खाल्किदिकीतल्या ग्रीकांच्या, हाती दिलं. इ.स.पू. 432 मध्ये अथेन्सविरुद्ध बंड झालं, किनाऱ्यावरची गावं सोडून माणसं इथे आली आणि उत्तर टेकडीवर आखीव नगर उभं राहिलं. इ.स.पू. 348 मध्ये मॅसिडोनियाचा राजा दुसऱ्या फिलिपनं ते उद्ध्वस्त केलं. ही जागा ओलिंथोसच कशावरून? प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस शेजारच्या पोतिदाइया शहरापासूनचं अंतर सुमारे 60 स्टेडिया, म्हणजे साधारण 11 किलोमीटर सांगतो, ते या जागेशी जुळतं. 1928 ते 1938 दरम्यान अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डेव्हिड रॉबिन्सन यांनी केलेल्या उत्खननात तर फिलिपचं नाव असलेले गोफणीचे शिसाचे गोळेच सापडले.

वेळ द्यायचा तो उत्तर टेकडीला. घरांच्या एका गटात दहा घरं, पाच-पाचच्या दोन रांगांत, मधे अरुंद बोळ. घर साधारण 17 मीटर लांब-रुंद. नुसतं रस्त्यानं चालत गेलं की सगळे पाये सारखेच वाटतात आणि माणूस कंटाळतो. म्हणून प्रत्येक घरात आधी अंगण शोधा. त्याच्या उत्तरेला आडवी पडवी असते, दक्षिणेकडे उघडी. हिवाळ्यातलं तिरपं ऊन तिथे आत शिरायचं. मग मेजवानीची खोली: कडेनं किंचित उंच पट्टा आणि मध्यापासून सरकवलेलं दार दिसलं की ओळखा, कारण भिंतीलगत लवंडून जेवायच्या बाजा बसवायच्या तर दार मधोमध ठेवून चालत नाही. अशाच खोल्यांत गोट्यांची मोझेक आहेत. ग्रीक पुराणातला वीर बेलेरोफोन आणि खिमेरा राक्षसी यांचं मोझेक अजिबात चुकवू नका.

सावली कमी, चढ आहे. उन्हाळ्यात सकाळीच जा. घरातल्या वस्तू मात्र इथे शोधू नका, त्यासाठी थेस्सालोनिकीचं पुरातत्त्व संग्रहालय गाठावं लागतं.