किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या?

सरकारी दवाखान्याबद्दल लिहायला बसलं की लोक रांगेबद्दल लिहितात, स्वच्छतागृहाबद्दल लिहितात, डॉक्टर किती वाजता आले ते लिहितात. मी औषधाच्या खिडकीबद्दल लिहिणार आहे. माझी सगळी नोकरी या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. ठाणे जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांमध्ये मी औषधनिर्माण अधिकारी होते, पालघर वेगळा जिल्हा झाला त्याच्या, म्हणजे 2014 च्या, खूप आधीपासून. आता निवृत्तीनंतर ऐरोलीला मुलाकडे राहते आणि सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणायला खिडकीच्या बाहेर रांगेत उभी राहते. मुलगा म्हणतो, "आई, मोबाइलवर मागवू ना, घरपोच येतात." पैशाचा प्रश्न नाही. ज्या खात्याने मला पगार दिला आणि आता पेन्शन देतंय, त्याच्या गोळीवर माझा भरवसा आहे. आणि ते खातं कसं चाललंय हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं.

मी जाते तो दवाखाना राज्य सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा आहे, ठाण्याच्या बाजूला. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे सगळ्याला सरसकट 'सरकारी' म्हणतात. ऐरोली, नेरूळ, वाशीची रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. कळव्याचं ठाणे महापालिकेचं. जे.जे. वैद्यकीय शिक्षण खात्याचं. गावातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. त्यामुळे कोणाला जाब विचारायचा हेच सामान्य माणसाला कळत नाही. माझी तक्रार आणि माझं कौतुक दोन्ही राज्याच्या आरोग्य खात्याबद्दल आहे.

आधी कौतुक, कारण ते खरंच आहे. केसपेपर फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून या विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, उपचार, औषधं सगळं निःशुल्क केलंय आणि तो निर्णय आमच्याकडे मनापासून पाळला जातो. पाच-दहा रुपयांसाठीसुद्धा कोणी हात पुढे करत नाही. सिस्टर बीपी घेताना आधी दोन मिनिटं बसायला सांगतात, दम लागलेल्या माणसाचा हात लगेच पट्ट्यात अडकवत नाहीत. डॉक्टर तरुण आहेत, कंत्राटी आहेत, पण सासूबाईंशी बोलताना मान वर करून बोलतात. "आजी, मीठ कमी केलं का?" एवढं विचारलं की आजींना निम्मं बरं वाटतं.

आणि खिडकीवरचा मुलगा. त्याचं काम मी बारकाईने बघते, सवयच आहे. दहाच्या पट्टीतून चार गोळ्या द्यायच्या असतील तर तो कात्री तारखेच्या उलट्या टोकाकडून लावतो, म्हणजे उरलेल्या पट्टीवर एक्स्पायरी शाबूत राहते. कापलेल्या तुकड्यासाठी कागदी पाकीट, पाकिटावर औषधाचं नाव आणि तारीख पेनाने. वाचता न येणाऱ्या बाईला तो सकाळच्या पाकिटावर सूर्य काढून देतो, रात्रीच्या पाकिटावर चंद्रकोर, आणि तिच्याकडून एकदा म्हणवून घेतो. हे त्याला कोणी परिपत्रक काढून शिकवलेलं नाही. अशी माणसं खात्यात भरपूर आहेत. मी त्यांच्याबरोबर काम केलंय.

आता माझी मोजपट्टी. मी एकच गोष्ट बघते: किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या? बीपी-शुगरच्या रुग्णाला महिन्याभराच्या गोळ्या एकदम मिळायला हव्यात. तीस दिवसांच्या मिळाल्या, तर समजायचं की वरपासून खालपर्यंत सगळं जागेवर आहे. पंधरा दिवसांच्या मिळाल्या, तर वर कुठेतरी फाइल अडकली आहे. सात दिवसांच्या मिळायला लागल्या, तर वरची खुर्ची रिकामी आहे किंवा त्या खुर्चीतल्या माणसाकडे आणखी दोन खुर्च्यांचा भार आहे. ही माझी कल्पना नाही, नोकरीत कायम असंच बघत आले.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे बीपीची टेल्मिसार्टन सात-सात दिवसांवर आली. बीपीचीच ॲम्लोडिपिन होती, शुगरची मेटफॉर्मिन होती, टेल्मिसार्टन मोजून. माझ्या पुढे दिघ्याहून आलेल्या एक बाई होत्या, चार घरची कामं करणाऱ्या. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, आता आठवड्याच्या देतो, पुढच्या मंगळवारी परत या." बाई काही बोलल्या नाहीत, पाकीट ब्लाउजमध्ये ठेवून निघाल्या. मला त्या न बोलण्याचाच त्रास झाला. दर मंगळवारी त्या आल्या तर महिन्यात चार सकाळी बुडणार, चार घरची बोलणी बसणार. नाही आल्या तर गोळी बंद पडणार. गोळी बंद पडल्याचं रुग्णाला काहीच जाणवत नाही, हेच बीपीचं वाईट आहे. मग एक दिवस अर्धांगाचा झटका येतो आणि लोक म्हणतात अचानक आला.

मी त्याला हळूच विचारलं, "इंडेंट, म्हणजे औषधाची मागणी, कधी टाकलंय?" तो म्हणाला, "मॅडम, टाकून तीन महिने होऊन गेले. जिल्हा स्टोअरलाच नाही." त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की रोज शंभर जणांचं ऐकून घेणारा हाच, आणि याच्या हातात काहीच नाही. दवाखान्याकडे थोडी स्थानिक खरेदी करायची मुभा असते, पण तिला मर्यादा असते आणि महिन्यांचा तुटवडा तिच्यावर भागत नाही.

औषध खिडकीपर्यंत कसं येतं ते सांगते. प्रत्येक संस्था वर्षाची मागणी भरते. मागचा खप, शिल्लक, येणारा पावसाळा, सगळं धरून. ती जिल्ह्यातून वर जाते, राज्याची एकत्र होते, मग दर ठरतात, निविदा, पुरवठा आदेश, माल जिल्ह्याच्या भांडारात, तिथून संस्थेत. ई-औषधी प्रणालीवर प्रत्येक गोळीचा हिशेब दिसतो. हा हिशेब बघून जुलैत संपणार असलेल्या औषधाची आठवण मार्चमध्ये झाली पाहिजे. आणि पुरवठादाराचं बिल वेळेत निघालं पाहिजे. बिलं थकली की पुढच्या निविदेला चांगला पुरवठादार येतच नाही. मग फेरनिविदा, मग मुदतवाढ, आणि तोवर खिडकीवर 'मंगळवारी या'. या साखळीत कोणीही वाईट माणूस असायची गरज नाही. एक सही तीन आठवडे पडून राहिली तरी पुरतं.

म्हणून मी खात्याच्या नेतृत्वाबद्दल बोलते, खिडकीवरच्या मुलाबद्दल नाही. राज्यात ही औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिनकडे दिली. लस आणि सर्पदंशाचं औषध बनवण्यात ज्या संस्थेचं आयुष्य गेलं, तिच्या अंगावर अख्ख्या राज्याच्या खरेदीचं काम टाकलं. पुढची वर्षं आम्ही खालच्यांनी कशी काढली ते आम्हालाच माहीत. मग 2023 मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. मला मनापासून आनंद झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि जे मुद्दे पुढे आले त्यात एक होता तो असा: या नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा, अतिरिक्त कार्यभारावर चालवू नका. खात्याला हे न्यायालयाने सांगावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. अतिरिक्त कार्यभार काय असतो ते नोकरदाराला सांगायला नको. तो माणूस आठवड्यातून दोन दिवस येतो आणि ज्या फाइलवर जबाबदारी आहे ती पुढच्याच्या नावावर सोडतो.

वरच्या खुर्च्या तरी किती वेगाने बदलाव्यात. 2019 च्या सुरुवातीपासून मंत्री म्हणून एकनाथ शिंदे, राजेश टोपे, तानाजी सावंत आणि डिसेंबर 2024 पासून प्रकाश आबिटकर. मंत्री बदलणं राजकारणात चालायचंच. पण आयुक्त? आरोग्य सेवा आयुक्त हेच राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे संचालक असतात. आशाताईंपासून कंत्राटी डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं त्यांच्या टेबलावरून जातं. 2022 च्या सप्टेंबरअखेर तुकाराम मुंढे तिथे आले आणि नोव्हेंबरअखेर गेले. दोन महिने. त्यांच्या पद्धतीबद्दल खात्यात दोन मतं होती, असू देत. पण दोन महिन्यांत माणसाला राज्यात किती उपकेंद्रं आहेत हेही नीट समजत नाही. आम्हाला खाली मात्र लगेच कळतं की साहेब टिकणार नाहीत, आणि एकदा ते कळलं की कोणीही कागद हलवत नाही. नवे येऊ देत, मग बघू. या 'मग बघू'मध्ये तिमाही निघून जाते.

याउलट तामिळनाडू. तिथे 1994 मध्ये आर. पूर्णलिंगम हे आरोग्य सचिव असताना औषधखरेदीचं महामंडळ उभं राहिलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक, त्यात वर्षाची रक्कम. लागेल तसं औषध उचलायचं आणि पासबुकात नोंद करायची. खरेदी मध्यवर्ती, पण काय हवं ते दवाखाना ठरवणार. सरकारं बदलली, सचिव बदलले, महामंडळ चालू राहिलं. आपला 2023 चा कायदा त्याच धर्तीवर आहे. म्हणजे काय करायचं हे आपल्याला माहीत आहे. ते करायला एक माणूस चार-पाच वर्षं एका जागी बसवायचा आहे.

दुसरी गोष्ट, वेगवेगळ्या खात्यांच्या मधल्या जागेची. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. रुग्णालय महापालिकेचं, चौकशी समिती मात्र राज्याच्या आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. त्या सुमारास ठाण्याचं सिव्हिल, विठ्ठल सायन्ना रुग्णालय, नव्या इमारतीसाठी हलवून मनोरुग्णालयाच्या आवारात नेलेलं होतं. मोठं सिव्हिल हललं की त्याचे रुग्ण कुठे जाणार, हा प्रश्न पालिकेचा की राज्याचा? मला वाटतं, असे प्रश्न आपले समजणारा माणूस म्हणजे खात्याचा प्रमुख. आमच्या शेजारच्या मतिमंद मुलाच्या आईलाही हेच भोवतं. दिव्यांग प्रमाणपत्र आरोग्य खात्याच्या रुग्णालयातून, पेन्शनचा अर्ज तहसीलमध्ये, धाकट्या बाळाची अंगणवाडी महिला व बालविकासकडे. डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला, ते उत्तमच झालं. पण प्रमाणपत्रावर सही करणारा डॉक्टर दुसऱ्या खात्याचा, हे तसंच आहे. त्या बाई मुलाला कडेवर घेऊन सगळीकडे फिरतात, आणि मुलगा आता बारा वर्षांचा आहे, जड आहे.

आमच्या दवाखान्यात टेल्मिसार्टन नंतर आली. दिवाळीच्या आसपास सासूबाईंना पुन्हा तीस दिवसांच्या मिळाल्या, मुलाने स्वतःहून तीन पट्ट्या पुढे केल्या आणि म्हणाला, "मॅडम, आली." त्यालाच जास्त आनंद झाला होता. दिघ्याच्या बाई त्या दिवशी दिसल्या नाहीत.

तर दवाखान्याला पाचपैकी चार तारे. एक कापला तो बसायच्या जागेसाठी. म्हाताऱ्यांना भिंतीला टेकून उभं राहावं लागतं, चार बाकडी टाका. वरच्या मजल्याला, म्हणजे खात्याच्या नेतृत्वाला, दोन. तिथे हुशार माणसं नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही, मी चांगले संचालक बघितलेत, रात्री अकराला फोन उचलणारे. पण त्यांना जागेवर राहू दिलं जात नाही तोवर तिसरा तारा माझ्या हातून सुटणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सकाळी नऊच्या आत जा, सोमवार टाळा. जुना केसपेपर आणि रिकामी पट्टी बरोबर ठेवा. औषध नसेल तर खिडकीवरच्या मुलावर ओरडू नका. केसपेपरवर 'उपलब्ध नाही' असं तारखेसह लिहून घ्या, तो देतो. त्या कागदाची झेरॉक्स लावून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने अर्ज करा. 104 क्रमांकावरही तक्रार घेतात. ठाणे, पालघर, रायगडसाठीचं आरोग्य उपसंचालकांचं कार्यालय ठाण्यातच आहे, तिथे दुसरी प्रत द्या आणि पोच शिक्क्यासकट घ्या. मी पावसाळ्यात दोन्हीकडे दिले होते. तुम्हीही द्या, कारण वरच्या बैठकीत औषधाचा विषय निघतो तेव्हा समोर कागद असावा लागतो.