भूत डायरीतलं की निवेदकाचं?

भयकथा डायरीच्या रूपात जास्त घाबरवते की निवेदकाने सांगितलेली, यावरून आमच्या ठाण्यातल्या वाचनवेड्यांत सरळ दोन तट आहेत. डायरीवाल्यांचा हुकमी एक्का ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी (1897): डायरी लिहिणारा हार्कर दाढी करतोय, रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला खांद्याशी उभा, आणि आरशात कुणीच नाही! हार्करला नीट उमगत नाही, आपण मात्र ओळखलेलं असतं. आक्षेपही रास्त आहे म्हणा: भूत दारात आल्यावर वहीत लिहीत कोण बसतं? शिवाय लिहितोय म्हणजे जिवंत आहेच की!

निवेदकवाल्यांचा एक्का शर्ली जॅक्सनची कादंबरी ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (1959): निवेदन तृतीयपुरुषी, म्हणून जिवंत असल्याचा हा दिलासा नाही. नायिका एलेनॉर अंधारात मैत्रिणीचा हात घट्ट धरते. उजेड झाल्यावर दिसतं, मैत्रीण तर पलीकडच्या पलंगावर.

तरी घोडबंदर रोडच्या कोंडीत मी वाचायला डायरीवाली कादंबरीच काढेन. एका सिग्नलला एक नोंद आरामात संपते.