पाच चिमुकले पक्षी विणायचं क्रोशे किट, चार महिने आणि अकरा पक्ष्यांनंतर

हे किट घेऊन चार महिने झाले. आतले पाचही पक्षी विणून झालेत, वर त्याच पॅटर्नवरून दुसऱ्या दोऱ्याचे अजून सहा केले, म्हणजे अकरा, आणि त्यातला एकच घरात उरलाय, बाकी सगळे कोणाकोणाला भेट म्हणून गेले. म्हणून आता लिहितेय. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर बॉक्स किती सुंदर आहे एवढंच लिहून झालं असतं. घ्यावं असं मला मनापासून वाटतं, पाचपैकी चार स्टार, आणि जो एक स्टार कापलाय तो चेहऱ्यासाठी, म्हणजे डोळे, चोच, पंख जोडायच्या भागासाठी, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

आत काय येतं ते पटकन सांगते. सुती दोऱ्याचे सात छोटे गुंडे, २.५ मिमीचा हुक (रबराची मूठ आहे, तासभर विणलं तरी बोटं दुखत नाहीत), ६ मिमीचे १२ काळे सेफ्टी डोळे (मागून वॉशर दाबून पक्के बसवायचे प्लॅस्टिकचे डोळे) वॉशरसकट, भरायला पॉलिस्टरचा कापूस, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, पाच प्लॅस्टिकचे स्टिच मार्कर, थोडं फेल्ट (दाबून केलेलं जाडसर कापड) आणि एक पुस्तिका. पक्षी म्हणजे चिमणी, रॉबिन, खंड्या, घुबड आणि बदकाचं पिल्लू, प्रत्येक साधारण ८ सेंटिमीटर उंच, तळहातावर बसेल एवढा.

मला साखळी आणि खांब (उंच टाका) लहानपणापासून येतात, रुमालाच्या कडा पुष्कळ विणल्यात, पण गोल भरीव वस्तू कधी केली नव्हती आणि हा प्रकार खरंच वेगळा आहे. याला अमिगुरुमी म्हणतात, शब्द जपानी, अमी म्हणजे विणलेलं आणि नुइगुरुमी म्हणजे कापूस भरलेली बाहुली, दोन्ही जोडून झालेला. इथे खांब जवळपास लागतच नाहीत, सगळं काम सिंगल क्रोशेचं, म्हणजे बुटक्या, घट्ट टाक्याचं, आणि तेही फेरी बंद न करता शंखासारखं गोल गोल वर चढत जायचं, त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली ते मार्कर लावल्याशिवाय कळतच नाही. किटमधले प्लॅस्टिकचे मार्कर सारखे निसटतात, मी ते बाजूला ठेवून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा टाक्यांच्या मध्ये ठेवत गेले, दर फेरीला पुढे-मागे करायचा, तो शेवटपर्यंत जागचा हलत नाही. आणि बाहेरचे पॅटर्न बघणार असाल तर लक्षात ठेवा, या पुस्तिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हटलंय त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात, नाव बघून खांब विणायला घेतले तर पक्षी दुप्पट उंच आणि जाळीदार होईल.

शरीर विणायचा भाग पुस्तिकेने फार छान समजावलाय, याचं कौतुक करायलाच हवं. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोरा ओढला की बंद होणाऱ्या फासात, ६ टाके, मग प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे १२, मग एकाआड एक वाढवून १८, मग २४, ३०, ३६, दर फेरीला सहाच वाढतात, आणि सहाच का तेही चित्र काढून दाखवलंय, कमी वाढवले तर वाटी व्हायला लागते आणि जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही गोळा आपला आपण आखता येतो, मी बदकाच्या पिल्लाचं डोकं पुस्तिका बंद करून विणलं. मॅजिक रिंग जमत नसेल तर अडून बसू नका, दोन साखळ्या घाला आणि हुकपासून दुसऱ्या साखळीत सहा टाके घ्या, मधलं भोक जरासं मोठं राहतं पण सुरुवातीचा दोरा आतून ओढून शिवला की बंद होतं.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत नाही आणि ती पहिल्याच पानावर हवी होती, सुलट-उलट कसं ओळखायचं. सुलट बाजूला टाके व्ही अक्षरासारखे दिसतात आणि उलट बाजूला आडव्या रेघा दिसतात. सुरुवातीला वाटी आपोआप आपल्या दिशेने वळते आणि उलटी बाजू बाहेर येते, माझी पहिली चिमणी मानेपर्यंत तशीच विणली गेली, मावशीने हातात घेऊन बघितलं तेव्हा कळलं. वाटी बोटाने उलटी करायची आणि आपल्याजवळच्या कडेवर विणत राहायचं, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

आणि चिमणीच्या पॅटर्नमध्ये सरळ चूक आहे. सहाव्या फेरीत ३० टाक्यांवरून ३६ व्हायला हवेत, म्हणजे चार टाके साधे आणि पाचव्यात वाढ, पण छापलंय तीन साधे आणि चौथ्यात वाढ, ती पाचव्या फेरीचीच सूचना पुन्हा आलीय. त्याप्रमाणे विणलं की सहा टाके उरतात आणि आपल्याला वाटतं आपणच मोजायला चुकलो. मी तीनदा उसवलं. शेवटी कागदावर मांडून बघितलं तेव्हा चूक छपाईतली आहे हे दिसलं. विक्रेत्याला लिहिलं तर चार दिवसांत दुरुस्त पानाची फाइल आली आणि नीट माफीही मागितली, तेवढ्यापुरती माझी तक्रार मिटली, पण नवशिक्या माणसाने इथेच किट कपाटात टाकलं असतं, म्हणून सहावी फेरी आधीच पेनाने दुरुस्त करून घ्या.

दोरा चांगला आहे. सुती, जरा पीळदार, टाके स्पष्ट दिसतात, हे शिकणाऱ्याला सगळ्यात महत्त्वाचं. मी नंतर हौसेने मखमली दोरा आणून घुबड केलं, दिसायला गोड झालं पण टाका दिसतच नाही, बोटाने चाचपडत मोजावं लागतं, तर पहिल्या पक्ष्याला त्या वाटेला जाऊ नका. ॲक्रेलिकचेही दोन केले, ते हलके आणि ऊबदार वाटतात पण हाताळून हाताळून त्यावर गोळे येतात. वेगळा दोरा वापरणार असाल तर गुंड्याच्या लेबलवर जो हुक लिहिलाय त्यापेक्षा एक-दोन नंबर लहान घ्या, कारण लेबलवरचा हुक स्वेटर-शालीसाठी असतो, पक्ष्याची वीण घट्टच हवी, नाहीतर भरलेला कापूस टाक्यांमधून पांढरा पांढरा डोकावतो आणि काळ्या-निळ्या पक्ष्यावर तर लांबून दिसतो. टाके कमी करतानाही तेच, दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या दोऱ्यांतून हुक घातला की भोक राहत नाही. हे पुस्तिकेत आहे, नीट आहे. पक्ष्यामागे दोरा साधारण १५ ते २० ग्रॅम लागतो, मी वजनकाट्यावर ठेवून बघितलं, त्यामुळे उरलेल्या गुंड्यांतही बरंच काही होतं.

आता चेहरा. सहा-सात पानं शरीरावर, आणि डोळे-चोच-पंखांवर किती, तर दोन ओळी, ‘डोळे लावा, चोच व पंख शिवा, फोटोप्रमाणे’. अहो, पण पक्षी पक्षी दिसायला लागतो तो याच शेवटच्या अर्ध्या तासात! त्याआधी हातात असतो तो एक तपकिरी गोळा. सेफ्टी डोळ्याचा वॉशर एकदा दाबून बसला की निघत नाही, त्यामुळे फोटोप्रमाणे अंदाजे लावायची ही गोष्टच नाही, आणि शिवाय हे डोकं बंद करायच्या आधी करावं लागतं, जेव्हा आत पुरता कापूसही भरलेला नसतो आणि आकार कळत नाही. मी आता असं करते, आधी थोडा कापूस तात्पुरता भरते, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या टाचण्या लावते, पक्षी टेबलावर ठेवून चार पावलं मागे जाऊन बघते, एक टाका इकडे, एक फेरी खाली, आणि पटलं की मगच डोळा आत घालते. एका टाक्याने किती फरक पडतो ते सांगून पटणार नाही, करूनच बघा. डोळे खाली आणि लांब लांब असले की पिल्लू वाटतं, निरागस, वर आणि जवळ जवळ आले की तोच पक्षी दचकल्यासारखा दिसतो. घुबडाचे डोळे समोर हवेत कारण घुबडाचे असतातच समोर, पण चिमणी, रॉबिन, खंड्या यांचे बाजूला, मी पहिल्या चिमणीला दोन्ही डोळे समोर लावले आणि ती चिमणी न वाटता अस्वलाचं पिल्लू वाटायला लागली, ती अजून माझ्याकडेच आहे, अकरामधली उरलेली ती एक.

चोचीचंही असंच. किटमध्ये चोच फेल्टची आहे, त्रिकोण कापून चिकटवायचा, ते मला अजिबात पटलं नाही, दोन आठवड्यांत कडा उचलली गेली. त्यापेक्षा चार टाक्यांची छोटी शंकूसारखी चोच विणून शिवलेली टिकते. खंड्याला चोच लांब हवी आणि काळी, आणि मादी करायची असेल तर चोचीचा खालचा भाग लालसर, खऱ्या छोट्या खंड्यातही (कॉमन किंगफिशर) नर-मादी तसेच ओळखतात. मी ओळखीच्या एका नवरा-बायकोला जोडीने द्यायला एक नर एक मादी असे दोन खंडे केले, दोघांनाही पक्षी बघायचा नाद, त्यांनी हातात घेताक्षणी चोच बघून ओळखलं आणि मला झालेला आनंद काय सांगू! चिमणीतही हे करता येतं, नराच्या गळ्याखाली काळा डाग आणि डोक्यावर राखाडी टोपी, मादी साधी तपकिरी, डोळ्यामागे फिकट पट्टा, तो भरतकामाच्या दोऱ्याने दोन टाके घातले तरी दिसतो. पुस्तिकेतली चिमणी मात्र नुसती तपकिरी-पांढरी आहे, ना नर ना मादी.

रॉबिनच्या छातीचा केशरी भाग रंग बदलून विणायला सांगितलाय आणि तिथे अजून एक अडचण येते, गोल गोल विणताना टाके दर फेरीला थोडे थोडे एका बाजूला सरकतात, त्यामुळे केशरी ठिपका सरळ वर न चढता तिरका जातो आणि पक्षी वळून बघतोय असं वाटतं. माझ्या हाताने तीन फेऱ्यांतच दिसायला लागलं. दोरा हुकवरून न घेता हुकच्या खालून घेतला तर टाका क्रॉससारखा पडतो, वीणही घट्ट होते आणि हे सरकणं बरंच कमी होतं, पण सोपं म्हणजे छाती वेगळी विणून वरून शिवणं, मी तेच केलं. घुबड आणि बदकाच्या पिल्लाबद्दल काही तक्रार नाही, सुरुवात बदकापासूनच करा, एकच रंग आहे.

हे आता सगळ्यात आधी वाचा असं म्हणेन: बाळाला द्यायचा असेल तर सेफ्टी डोळे लावू नका. नावात सेफ्टी असलं तरी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते धोक्याचेच, बाळ चावतं, ओढतं, टाका सैल झाला की डोळा वॉशरसकट बाहेर येऊ शकतो आणि घशात अडकू शकतो. भाचीच्या बाळासाठी मी बदकाचं पिल्लू केलं त्याला डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढले, चोच पक्की शिवली, मणी नाही, तार नाही, लटकता दोरा नाही. किटच्या बॉक्सवर ही सूचना आहे पण तळाशी, बारीक अक्षरात, आणि वरच्या फोटोत मात्र पाळण्याशेजारी पक्षी ठेवलेत. हे त्यांनी बदलायलाच हवं, यावर मी विक्रेत्याला वेगळं लिहिलंय. खंड्याला तारेचे पाय करायची जी जास्तीची कृती शेवटच्या पानावर आहे तीही फक्त शोकेसमध्ये बसणाऱ्या पक्ष्यासाठी.

वेळेचं सांगायचं तर पहिल्या चिमणीला उसवण्यासकट चार संध्याकाळी गेल्या, आता एक पक्षी तीन तासांत होतो, त्यातला अर्धा-पाऊण तास चेहऱ्याचा. भेटीसाठी हा आकार मला फार आवडला त्याचं कारण हेच, स्वेटर विणायला घेतला की महिना जातो, माप चुकायची भीती, रंग आवडेल का ही भीती, पक्ष्याला माप नसतं आणि समोरच्याच्या घरात तो कुठेही मावतो. ऑफिसातली एक सहकारी नोकरी सोडून चालली होती, तिला रॉबिन दिला, तो आता तिच्या नव्या टेबलावर कॉम्प्युटरच्या कडेला बसलाय, फोटो आला होता. देताना सोबत एक चिठ्ठी ठेवते, दोरा कुठला, आत काय भरलंय आणि कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा, एवढं लिहिलेलं असलं की लोक भीत भीत कपाटात न ठेवता वापरतात. खाली नीट बसावा म्हणून तळाला कापूस जरा जास्त आणि घट्ट भरा, मानेत तर खूपच, नाहीतर डोकं महिन्याभरात एका बाजूला कलतं.

क्रोशे अजिबातच येत नसेल तर हे पहिलं किट म्हणून घेऊ नका, साखळी आणि सिंगल क्रोशे एवढे दोन टाके हातात बसवा, साध्या चौकोनावर आठवडाभर, मग घ्या. येत असेल तर घ्याच, फक्त सोबत काळा भरतकामाचा दोरा आणि डोळ्यांच्या दोन-तीन जोड्या जास्तीच्या मागवा, बारा डोळ्यांमधल्या माझ्या एका डोळ्याचा वॉशर बसतच नव्हता. ती अस्वलासारखी चिमणी मी आईला देणार नव्हते, नवीन नीट विणून देणार होते, पण काल ती आली आणि टेबलावरून उचलून म्हणाली, हीच दे, ही माझ्याकडे सरळ बघते.