पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ची दुसरी सीडी: रेकॉर्ड होण्याआधीची गाणी

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ अल्बमच्या, २०११ साली आलेल्या ‘एक्सपीरियन्स’ आवृत्तीत दोन सीडी आहेत. पहिली म्हणजे १९७५चा मूळ अल्बम, नव्याने मास्टर केलेला, म्हणजे आवाजाची अंतिम जुळणी पुन्हा केलेला. तो चांगलाच आहे, पण बहुतेक चाहत्यांकडे तो कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. पैसे मोजायचे ते दुसऱ्या सीडीसाठी, आणि त्यातही पहिल्या तीन ट्रॅकसाठी. नोव्हेंबर १९७४मध्ये लंडनच्या वेम्ब्ली एम्पायर पूलमध्ये बँडने तीन लांबलचक गाणी वाजवली. तोवर ती एकाही रेकॉर्डवर आलेली नव्हती. तिन्ही मिळून जवळजवळ ५१ मिनिटं होतात. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ पुढच्या वर्षी याच अल्बमवर आलं. बाकीची दोन मात्र १९७७च्या ‘अ‍ॅनिमल्स’पर्यंत थांबली, आणि तिथे आली ती नावं बदलून. ट्रॅकच्या यादीत जुनीच नावं आहेत, हे माहीत नसेल तर गोंधळ होतो: ‘यू हॅव गॉट टू बी क्रेझी’ म्हणजे पुढचं ‘डॉग्ज’ आणि ‘रेव्हिंग अँड ड्रूलिंग’ म्हणजे ‘शीप’. त्यामुळे ही सीडी ऐकताना ‘अ‍ॅनिमल्स’ हाताशी हवाच.

सुरुवात ‘यू हॅव गॉट टू बी क्रेझी’पासून करावी, कारण गाणं कुठे अडलं होतं ते इथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सने शब्द इतके ठासून भरलेत की गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मरला दोन ओळींमध्ये श्वास घ्यायलाही फट उरत नाही. व्यंजनं एकमेकांवर आदळतात, ओळीचा शेवटचा सूर टेकायच्या आत पुढची ओळ सुरू होते. इतके शब्द गाता येत नाहीत, ते कमी कर, असं गिल्मरनेच सांगितलं. अल्बमसाठी शब्द छाटले गेले, सूरही बदलला. आता कालावधी पाहा: वेम्ब्लीत १८ मिनिटं १६ सेकंद, ‘डॉग्ज’ सुमारे १७ मिनिटं. एवढी काटछाट होऊनही गाणं फक्त मिनिटभरानेच आटलं. मोकळी झालेली जागा वाद्यांकडे गेली. अल्बमवर गाणं अकूस्टिक गिटारने हळूहळू उजेडात येतं. मधल्या भागात एका ओळीतला शेवटचा शब्द प्रतिध्वनीसारखा पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि त्याच्यावर सिंथेसायझर व व्होकोडर (आवाजाला यांत्रिक रूप देणारं यंत्र) यांतून काढलेलं कुत्र्यांचं भुंकणं पसरतं. असा थर स्टुडिओत टेपवर टेप चढवूनच रचता येतो. वेम्ब्लीतल्या वादनाचा गुण वेगळा आहे, तिथे चौघं एकमेकांना ढकलत पुढे जातात. पण मला विचाराल तर या गाण्याने स्टुडिओत जे कमावलं ते गमावल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

‘रेव्हिंग अँड ड्रूलिंग’बाबत मत इतकं सरळ देता येत नाही. वेम्ब्लीत ते बास गिटारवर स्वार होऊन सुटतं, १२ मिनिटं ३५ सेकंद, आणि त्यातला आडदांडपणा ‘शीप’मध्ये तेवढा उरलेला नाही. ‘शीप’ साधारण सव्वादहा मिनिटांचं आहे. सुरुवातीचा तो एकट्या रोड्स (इलेक्ट्रिक) पियानोचा शांत भाग वेम्ब्लीत नाही. मंचावर बास वॉटर्सकडे होता. ‘शीप’च्या रेकॉर्डिंगमध्ये बास गिल्मरने वाजवला आणि वॉटर्सने ऱ्हिदम गिटार घेतली. दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर बासचा आघात आणि नोट सोडायची पद्धत बदललेली कळते. शब्दांत तर विषयच पालटला. आधी हे गाणं वेड्या हिंसेचं होतं, मेंढरं त्यात नव्हतीच. एका ओळीत बरळणं आणि लाळ गाळणं होतं, तिथे बें बें करणं आलं, आणि तेवढ्या बदलाने गाणं कळपाचं झालं. ओळीचा शेवटचा स्वर लांबत लांबत सिंथेसायझरच्या सुरात कसा विरघळतो, हे ‘शीप’मध्ये हेडफोन लावून ऐकाच. माणसाचा आवाज नेमका कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही.

‘शाइन ऑन’ वेम्ब्लीत सलग आहे, २० मिनिटं २२ सेकंद. अल्बमवर ते नऊ भागांचं झालं आणि मधून कापून दोन टोकांना ठेवलं गेलं. ही कल्पना वॉटर्सची. गिल्मरचं म्हणणं होतं की रेकॉर्डच्या एका बाजूला ‘शाइन ऑन’ आणि दुसऱ्या बाजूला वरची दोन गाणी घ्यावीत. त्याचं मत एकटं पडलं. तो जिंकला असता तर अल्बम जवळपास या सीडीच्या पहिल्या ५१ मिनिटांसारखा झाला असता. मात्र ‘अ‍ॅनिमल्स’ मग आज आहे तसा नसता. अल्बमच्या आरंभी वाइनच्या ग्लासांच्या कडांवर बोटं फिरवून काढलेले सूर मिसळले आहेत. घरगुती वस्तूंतून संगीत करायच्या अर्धवट सोडलेल्या प्रयोगातले ते सूर, याच सीडीवर ‘वाइन ग्लासेस’ या सव्वादोन मिनिटांच्या ट्रॅकमध्ये सुटे ऐकायला मिळतात. शेवटचा नववा भाग एकट्या कीबोर्डवादक रिचर्ड राइटची रचना आहे.

तुलना करताना दोन-तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली आवाजाची पातळी. मैफिलीचं आणि स्टुडिओचं मास्टरिंग वेगळं असतं, आणि जे किंचित मोठं वाजतं ते कानाला सरस वाटतं. म्हणून ड्रमच्या आवाजावर दोन्ही पातळ्या जुळवून घ्या, गाणाऱ्याच्या आवाजावर नको. तो दोन्हीकडे वेगळ्या अंतरावर ठेवलेला असतो. प्लेअरमधला क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर सुरुवातीचे आणि शेवटचे मंद भाग एकमेकांत कालवले जातात. आणि अख्खं गाणं विरुद्ध अख्खं गाणं असं ऐकू नका. आधी नुसता पहिला अंतरा दोन्हीकडे, मग फक्त ड्रम, मग मधला वाद्यांचा भाग. वेग मोजायचा तर १५ सेकंदांतले ठोके मोजून चौपट करा, तेही गाण्यात किमान दोन ठिकाणी, कारण मंचावरचा वेग एका गाण्यातही हलतो.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे: मधला टप्पा नाही. १९७५च्या अमेरिकेच्या दौऱ्यात ‘शाइन ऑन’ दोन भागांत कापून मधे ‘हॅव अ सिगार’ वाजवलं जात होतं, म्हणजे अल्बमची रचना मंचावर उभी राहू लागली होती. त्या दौऱ्यातलं एक जरी ध्वनिमुद्रण इथे असतं तर साखळी पुरी झाली असती.

पाच डिस्कच्या ‘इमर्शन’ संचातही वेम्ब्लीचे हेच तीन ट्रॅक आहेत. सराउंड मिक्स (चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी केलेली आवाजाची जुळणी) नको असतील तर त्याच्या मागे लागू नका, ही दोन सीडींची आवृत्ती पुरेशी आहे. उरलेल्या ट्रॅकपैकी शेवटचा चुकवू नये. शीर्षकगीताच्या या रूपात फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन मोकळेपणाने वाजतं. मूळ अल्बमवर ते इतकं दबलेलं आहे की शोधूनही जेमतेम सापडतं, आणि हे रेकॉर्डिंग पुसलं गेलं असावं असंच बरीच वर्षं मानलं जात होतं.