डाइव्हची नोंद: वहीत की अ‍ॅपमध्ये?

तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगमधलं डाइव्हमास्टरचं (इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी) शिकणाऱ्या भाच्याचा प्रश्न. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या इन्स्ट्रक्टर परीक्षेला 100 डाइव्ह नोंदलेल्या लागतात, म्हणजे मुद्दा पुराव्याचा.

वही स्वस्त. सोबत्याची किंवा इन्स्ट्रक्टरची सही बोटीवरच मिळते, रेंज नसली तरी अडत नाही. पण खारं पाणी आणि आपला पावसाळी दमटपणा कागदाला सोडत नाही. हरवली तर सगळंच गेलं.

डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली मोजमाप करणारं मनगटी यंत्र) अ‍ॅपला जोडला की खोली, वेळ, तापमान आपोआप उतरतं. आकडे फुगवणं कठीण, खर्च मात्र दणदणीत. शिवाय तो मनगटावर नक्की कोणाच्या होता, हे अ‍ॅप सांगणार नाही!

हौसेला वही पुरे. इन्स्ट्रक्टर व्हायचंय? अ‍ॅप ठेव, पण सह्या त्याच दिवशी घे. पावसाळ्यात डायव्हिंग बंद झालं की सोबती पांगतात.