पहिलं आरसी विमान कशाचं करावं: फोम बोर्ड, बायोफोम, सनपॅक की बाल्सा?

इंदूरमध्ये घरच्या घरी पहिलं आरसी, म्हणजे रिमोटने उडवायचं, विमान करायचं असेल, तर मोटर-बॅटरीच्या आधी शीट कोणतं घ्यायचं ते ठरवा. मोटर, सर्वो (शेपटीचे भाग हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर (रिमोटचे संदेश पकडणारा भाग) पुढच्या विमानात काढून लावता येतात. पहिल्या महिन्यात मार खातो तो सांगाडाच.

आधी एक गल्लत टाळा. खजुरी बाजारात नुसता ‘फोम बोर्ड’ मागितला तर सनबोर्ड हातात पडू शकतो. तो पीव्हीसीचा, दुकानांच्या पाट्यांसाठीचा. 5 मिमी जाडीचा सनबोर्ड चौरस मीटरला 2 ते 2.5 किलो भरतो आणि मीटरभर पंखांच्या विमानाला साधारण एक चौरस मीटर शीट लागतं. 2212 मापाची मोटर, नाकावरचा 10 इंची फिरता पंखा आणि 3 सेलची बॅटरी यांची ओढ जेमतेम 800 ग्रॅमच्या आसपास. असं विमान जमीन सोडणार नाही.

आपल्याला हवा तो दोन्ही बाजूंना कागद आणि आत थर्मोकोलच्या जातीचा फोम असलेला बोर्ड. शक्य असेल तर तोलून घ्या. चौरस मीटरला 500 ग्रॅमपर्यंत चालेल. इंटरनेटवर मोफत मिळणारे विमानांचे अमेरिकन आराखडे बहुधा 300 ग्रॅमच्या आसपासच्या बोर्डासाठी काढलेले असतात, म्हणून आपल्या जड बोर्डाचा आतल्या बाजूचा कागद जमेल तिथे सोलून टाका.

या बोर्डाची खरी गंमत बिजागरात आहे. एलेव्हेटरच्या (शेपटीवरच्या वरखाली हलणाऱ्या पट्टीच्या) रेघेवर वरचा कागद आणि फोम कापायचा, खालचा कागद शाबूत ठेवायचा, मग घडी उघडून फोमची कड 45 अंशांत तासायची. झालं बिजागर, वेगळं काही विकत आणायला नको. नाक चेपलं तर ग्लू गन, दोन पट्ट्या आणि पारदर्शक टेप एवढ्यावर दुसऱ्या संध्याकाळी विमान परत मैदानात. शिकणाऱ्या मुलाचा हुरूप यावरच टिकतो, म्हणून माझं मत ठामपणे फोम बोर्डाला. फेविक्विक मात्र लांब ठेवा, फोम विरघळतो.

बायोफोम, म्हणजे कागद नसलेलं नुसत्या फोमचं शीट, याच्या निम्म्याहून हलका आणि पाण्याला न भिणारा. विमान सावकाश, अलगद उतरतं. पण कागदाचं कवच नसल्याने पंखात कार्बन रॉड घालावाच लागतो, आणि दुपारी माळव्यात वारा सुटला की हलकं विमान नवख्याच्या हातात राहत नाही. दुसरं विमान याचं करा.

सनपॅक (पोकळ नळ्यांचं प्लास्टिक शीट) दणकट आहे, पण वजनाला फोम बोर्डाइतकं किंवा जास्तच, शिवाय गोंद त्याला नीट धरत नाही. पोटाखाली घासपट्टी म्हणून लावायला उत्तम. बाल्सा या हलक्या लाकडाचं विमान देखणं खरंच. पण पंखातली एकेक रिब (आडवी फासळी) कापून जोडायला आठवडे जातात आणि एका आपटीत ते सगळं मोडतं. हात बसल्यावर जरूर करा.

फोम बोर्डाचे दोन शत्रू: ओल आणि ऊन. पावसाळ्यात कागद सुटतो, त्यामुळे कडा टेपने बंद करा. मे महिन्यात बंद गाडीत विमान ठेवलं तर ग्लू गनचे सांधे ढिले पडतात.

चाकं लावू नका. गहू निघाल्यावरच्या काळ्या मातीच्या ढेकळांत ती अडकून विमान कोलांटी खातं. हाताने सोडा, पोटावर उतरवा. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा. शेपटीकडे गेला तर विमान आवरत नाही. आणि जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडा: 2021च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपला विमानतळ शहराला लागूनच असल्याने पश्चिमेकडच्या वस्त्यांतल्यांनी बायपासपलीकडची शेतं गाठलेली बरी.