इनटेक ट्यूनिंगच्या नावाखाली फसलो: डायनोच्या कागदावरचं तापमान आधी वाचा

माझी एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, १९६६ची. १७९८ सीसीचं इंजिन, त्याला हवा आणि पेट्रोल मिसळणारे एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर. बिघाड काहीच नव्हता. चढावर थोडी जास्त ओढावी एवढीच हौस होती, आणि तिचाच फायदा घेतला गेला.

वर्कशॉपवाला म्हणाला, ‘फिल्टरचे हे पत्र्याचे डबे इंजिनाचा श्वास कोंडतात. उघडे फिल्टर लावू, कार्बोरेटरच्या सुया बदलू, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, आधी आणि नंतर मोजून दाखवू.’ बोलणं पटण्यासारखं होतं. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, आणि एसयूमध्ये ते सुईवर ठरतं. म्हणून शंका आली नाही.

गाडी परत घेताना हातात दोन कागद पडले. आधी ६८ बीएचपी (अश्वशक्ती), नंतर ७१. आवाजही भारदस्त; नुसत्या आवाजानेच गाडी पळतेय असं वाटतं. पण नेहमीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती आधीपेक्षा मरगळली. स्पार्क प्लग काढले तर चिनीमातीचा भाग पांढराफटक, एरवी फिकट तपकिरी असायचा. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. कार्बोरेटरवरचा डॅशपॉट (पिस्टनचं घुमटासारखं झाकण) उघडला, पिस्टन उचलला, सुईचा स्क्रू सैल केला आणि दांड्यावर कोरलेला आकडा भिंगातून पाहिला: ५. दुसऱ्या कार्बोरेटरमध्येही ५. माझ्या जुन्याच सुया! बिलात मात्र नव्या सुयांचे पैसे लावलेले.

त्या रात्री ते कागद पुन्हा काढले. आलेखाखाली बारीक अक्षरांत हवेचं तापमान छापलेलं होतं, तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पहिल्यावर २२ अंश, दुसऱ्यावर ४६. दोन्ही चाचण्या एकाच सकाळच्या. गरम हवा विरळ असते, म्हणून तापमान जास्त भरलं की डायनो त्याची भरपाई म्हणून हिशेबात आकडा वाढवून देतो. २४ अंशांच्या फरकाला साधारण चार टक्के. ६८चे चार टक्के काढून पाहा. पावणेतीन. माझे ‘वाढलेले’ तीन बीएचपी ते हेच.

रस्त्यावर तर उलटंच झालं. या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा तापलेला नळ, कार्बोरेटरच्याच बाजूला, त्यांच्या खाली आहे. बॉनेट बंद केलं की उघडे फिल्टर तिथली तापलेली हवा ओढतात, आणि तीन अंशांमागे हवा जवळपास एक टक्का विरळ होते. डायनोवर बॉनेट उघडं असतं, समोर पंखा असतो, तिथे हे कळतच नाही.

असं काम करून घेणार असाल तर दोन्ही चाचण्यांना स्वतः उभे राहा. दुसरी चाचणी बॉनेट बंद करून घ्यायला सांगा, आणि तापमानाची दुरुस्ती न लावलेले आकडेही मागा. काढलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी ताब्यात घ्या, हे तर नक्कीच. मी जाब विचारायला गेलो तेव्हा तापमान ‘चुकून पडलं’ म्हणाला; सुयांचं नाव काढताच गप्प बसला. निदान माझे जुने डबे तरी द्या म्हटलं, तर ते भंगारात गेले होते. तसे मूळ डबे मी अजून शोधतोय.